रेकॉर्डरचा माइक-जॅक बदलण्याआधीची तयारी

खिशात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकाला बाहेरचा माइक जोडण्याचा ३.५ मिलिमीटरचा जॅक निकामी झाला की बहुतेकांचे लक्ष नव्या जॅककडे लागते. वास्तविक जॅक हा या दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आहे. तो ज्या पीसीबीवर, म्हणजे आतील सर्किट बोर्डवर, बसवलेला असतो, तिच्यावरील तांब्याची नाजूक पॅड (जॅकचे पाय सोल्डरने जोडण्याच्या जागा) मात्र एकदा उपटली की विकत मिळत नाहीत, आणि ती बहुधा उपटतात ती घाईने किंवा चुकीच्या हत्याराने जुना जॅक काढताना. म्हणून पुढे सांगितलेली सगळी तयारी ही पॅड शाबूत राखण्याच्या हेतूने केलेली आहे. झूम एच१एन किंवा टॅस्कॅम डीआर-०५ यांच्यासारखी, मुलाखती, कीर्तने, ओव्या, बोलींचे नमुने टिपण्यासाठी वापरली जाणारी लहान यंत्रे यात गृहीत धरली आहेत.

पहिली तयारी यंत्र न उघडता करायची आहे, आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. जॅक मोडला आहे असे वाटायला लावणारी कारणे अनेक असतात. मोबाइलसाठी बनवलेल्या कॉलर माइकच्या पिनेवर तीन काळी वलये व चार धातूचे भाग असतात. अशी पिन दोन वलयांच्या पिनेसाठी बनवलेल्या रेकॉर्डरमध्ये घातली तर बहुधा आवाज येतच नाही, कारण मोबाइलच्या पिनेत माइकची तार सर्वांत मागच्या भागाला जोडलेली असते आणि रेकॉर्डरमध्ये तो भाग अर्थला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या जोडणीला, टेकतो. एकच वलय असलेला मोनो माइक स्टीरिओ जॅकमध्ये घातला तर आवाज फक्त डाव्या बाजूला मिळतो, आणि तो दोष नव्हे. इलेक्ट्रेट जातीच्या माइकला रेकॉर्डरकडून लागणारा वीजपुरवठा, म्हणजे मेनूमधील ‘प्लग-इन पॉवर’, बंद असेल तरी माइक मुका राहतो. तेव्हा दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या माइकने आणि दुसऱ्या केबलने तपासल्यावाचून स्क्रूड्रायव्हरला हात लावू नये. कोकणपट्टीत व गोव्यात खारट दमट हवेमुळे आणि घामामुळे जॅकच्या आतील पात्यांवर हिरवट थर चढतो. तेथे नुसती सफाईही पुरेशी ठरू शकते. त्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली आणि एक फालतू पिन जवळ ठेवावी, यंत्रातील सेल काढून पिनेला अल्कोहोलचा जेमतेम ओलावा द्यावा, ती आठ-दहा वेळा फिरवत आत-बाहेर करावी आणि पूर्ण सुकल्यावरच यंत्र चालू करून पाहावे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये पाणी असते, त्यामुळे ते या कामाला घेऊ नये. स्प्रे तर थेट जॅकमध्ये मारूच नये, कारण शेजारीच असलेल्या अंतर्गत माइकच्या पडद्यावर तो उडाला तर दुरुस्ती एका दोषावरून दोनावर जाते.

सफाईने काम भागले नाही तर मल्टिमीटर काढावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी, टोपण उघडून टाके (सोल्डरचे जोड) दिसू शकतील अशी स्टीरिओ पिन घ्यावी आणि तिच्या तिन्ही टाक्यांना वेगवेगळ्या रंगांच्या वायरी जोडाव्यात. प्लग-इन पॉवर चालू करून ही पिन जॅकमध्ये घालावी व मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून टोक आणि मागचा भाग यांच्यात, नंतर मधले वलय (दोन काळ्या वलयांमधला धातूचा भाग) आणि मागचा भाग यांच्यात विजेचा दाब मोजावा. या वर्गाच्या यंत्रांत तो साधारण २ ते ३ व्होल्ट असतो, आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच असायला हवा. एका बाजूला तो नसेल, किंवा पिन हलक्या हाताने इकडे-तिकडे दाबल्यावर येत-जात असेल, तर दोष जॅकच्या पात्यात अथवा त्याच्या टाक्यात आहे असे मानायला चांगला आधार मिळतो. दोन्ही बाजूंना दाब स्थिर असूनही आवाज येत नसेल तर दोष बहुधा पुढच्या सर्किटमध्ये असतो, आणि जॅक बदलून काहीही साधणार नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, पण यंत्र विनाकारण उघडण्यापासून ती वाचवते. मोजलेले आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण दुरुस्तीनंतर त्यांच्याशीच तुलना करायची आहे.

उघडण्याचा निर्णय झाला की मेमरी कार्डातील सर्व ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून घ्यावीत आणि कार्ड बाहेर काढावे. सेटिंग्जच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, कारण वीज तुटल्यावर निदान घड्याळ तरी पुन्हा लावावे लागण्याची शक्यता असते. सेल काढावेत. ज्या यंत्रांत लिथियम बॅटरी कायमची बसवलेली असते, तेथे झाकण निघाल्यावर सर्वांत आधी तिचे कनेक्टर सोडवायचे असते. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देणाऱ्या, एक्सएलआर म्हणजे तीन पिनांच्या गोल जोडणीच्या मोठ्या यंत्रांत तो पुरवठा बंद करून काही मिनिटे थांबावे.

जागा खिडकीजवळची, उजेडाची आणि वारा नसलेली निवडावी. टेबलावर पांढरे सुती कापड अंथरावे, म्हणजे निसटलेला स्क्रू दिसतो आणि घरंगळत नाही. स्क्रू एकाच लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो आतील बोर्डला टोचतो, हे लक्षात घेऊन कागदावर यंत्राची मागची बाजू रेखाटावी आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवावा. स्क्रूड्रायव्हर योग्य मापाचाच हवा. झिजलेल्या टोकाने या बारीक स्क्रूंच्या खाचा गोल होतात. डिस्प्लेकडे जाणारी चपटी रिबन केबल ओढून काढायची नसते, तिच्या कनेक्टरची बारीक खिटी नखाने उचलायची असते. प्रत्येक टप्प्याला एक छायाचित्र घ्यावे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते, तेव्हा १ मेगओमचा रोधक असलेला मनगटी पट्टा बांधून काम करणे श्रेयस्कर.

नवा जॅक आणण्याची घाई मात्र यंत्र उघडण्याआधी करू नये. बाहेरून सारखे दिसणारे जॅक पायांची संख्या, पायांमधील अंतर, भोकाच्या मध्याची बोर्डपासूनची उंची, आणि जॅक बोर्डवर बसतो की बोर्डला पाडलेल्या खाचेत अर्धा उतरतो, या चार गोष्टींत वेगळे असतात. पाय तीनपेक्षा जास्त दिसले तर त्यांतील एखादा स्विचचा असू शकतो. पिन आत गेली की अंतर्गत माइक बंद करणे हे त्याचे काम, म्हणून स्विच नसलेला जॅक तेथे चालणार नाही. ही मापे कॅलिपरने घेऊन, जुन्या जॅकचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र सोबत ठेवून, मगच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन शोध घ्यावा, आणि घ्यायचे तर दोन-तीन नग घ्यावेत. भिंगातून टाके पाहण्याचे कामही याच वेळी करावे. केबलच्या ओढीने जॅकवर तरफेसारखा ताण येतो आणि त्याच्या पायाभोवती टाक्याला केसासारखी गोल चीर पडते. अशी चीर दिसली आणि आतील पाती धड असली, तर जॅक बदलण्याची गरजच नाही, टाका नव्याने भरणे पुरते.

आता सोल्डरिंगच्या साहित्याकडे वळू. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांतील टाके शिसेविरहित मिश्रधातूचे असतात. त्यांतील प्रचलित मिश्रधातू २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळतो. कथील ६३ व शिसे ३७ या प्रमाणातील सोल्डर १८३ अंशांना वितळते, आणि ते जुन्या टाक्यात मिसळले की तो टाकाही कमी तापमानाला मऊ होतो. म्हणून जुना जॅक काढण्यासाठीही नवे सोल्डर लागते, हे यादीत ठळकपणे लिहावे. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तापमान ठरवता येणारी असावी आणि ३२० ते ३५० अंशांवर ठेवावी. टोक फार बारीक घेऊ नये. नाजूक कामाला नाजूक टोक असा समज प्रचलित आहे, पण अर्थचा पाय मोठ्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेला असल्याने तो उष्णता शोषून घेतो. बारीक टोकाला तेथे फार वेळ दाबून धरावे लागते आणि त्या वेळेतच पॅडचा चिकटा जळतो. छिन्नीसारखे दोन-अडीच मिलिमीटरचे टोक दोन-तीन सेकंदांत काम करते. राळयुक्त फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा पदार्थ, भरपूर असावा; नळजोडणीच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स मात्र कधीही वापरू नये, तो नंतर तांबे खात राहतो. याखेरीज डिसोल्डर पंप, तांब्याची विक (वितळलेले सोल्डर शोषणारी विणलेली पट्टी), टोकदार चिमटा, बारीक निपर आणि शेजारच्या प्लास्टिकवर लावण्यासाठी उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप हवी. जुना जॅक अखंड उपटण्याऐवजी निपरने त्याचे तुकडे करावेत आणि एकेक पाय स्वतंत्रपणे काढावा. मोडलेल्या जॅकची दया करून बोर्ड गमावण्यात अर्थ नाही. अंतर्गत माइकच्या कॅप्सूलवर उष्णता जाणार नाही अशा बेताने बोर्ड धरण्याची सोय करावी. शिशाचे काम असल्याने खिडकी उघडी ठेवावी, जवळ खाणे-पिणे ठेवू नये व नंतर हात धुवावेत. हात बसलेला नसेल त्याने एखाद्या भंगार रेडिओच्या बोर्डवरील जॅक आधी काढून व पुन्हा बसवून पाहावा. ही पायरी माझ्या मते ऐच्छिक नाही.

एवढे करूनही पॅड निघालेच तर काय, याची तरतूद आधीच असावी. ०.२ मिलिमीटरची एनॅमलची वायर जवळ ठेवावी. तिने जॅकचा पाय त्या ट्रॅकवरील पुढच्या रोधकाला किंवा कंडेन्सरला जोडता येतो. दोनपेक्षा जास्त पॅड गेली असतील तर नवा जॅक बोर्डवर बसवण्याचा अट्टहास सोडावा आणि शील्ड असलेली पातळ केबल आतून बाहेर काढून तिच्या टोकाला सॉकेट जोडावे. त्यासाठी वीतभर केबल, लहान केबल टाय आणि थोडे इपॉक्सी यादीत धरावे. नवा जॅक नीट बसला तरी पुढे ताण त्याच्यावर येऊ नये यासाठी काटकोनी पिनेची आखूड एक्स्टेन्शन केबल आणि ती यंत्राच्या अंगाला बांधण्यासाठी वेल्क्रोची पट्टी जॅकसोबतच विकत घ्यावी.

शेवटी चाचणीची तयारी. सेल घालण्यापूर्वी मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन बिंदू जोडलेले असले की बीप देणाऱ्या स्थितीवर, ठेवून, जॅकमध्ये आधी वायरी जोडलेली ती उघडी पिन असताना टोक व अर्थ, वलय व अर्थ, तसेच टोक व वलय यांच्यात कोठे बीप येत नाही ना, हे पाहायचे आहे. नंतर झाकण दोनच स्क्रूंवर बसवून आधी लिहिलेल्या व्होल्टेजच्या आकड्यांशी तुलना करावी, माइक लावून मोबाइलवरून वाजवलेला एकसुरी आवाज दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करावा, त्या काळात पिन सावकाश एक फेरा फिरवावी, आणि हेडफोनवर ऐकताना दोन्ही बाजूंना खरखर नाही व पिन काढल्यावर अंतर्गत माइक परत चालू होतो, याची खात्री झाल्यावरच उरलेले स्क्रू आवळावेत.