मेल गेला, उत्तर आलं नाही? या चुका टाळा

सोलापुरातून बाहेर जाणाऱ्या टॉवेलच्या कोटेशनांत पहिली चूक बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत असते. परदेशातल्या खरेदीदाराने साधं विचारलेलं असतं: 70 बाय 140 सेंटिमीटर, 500 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), 2,000 नग, दर काय आणि माल कधी? उत्तरात आधी आजोबांनी माग कधी टाकले, शेड किती, मशिनं कुठली... दर चौथ्या परिच्छेदात. तोवर त्याने दुसऱ्या कारखानदाराचा मेल उघडलेला असतो.

त्याने ज्या क्रमाने विचारलं, त्याच क्रमाने उत्तर द्या. कंपनीची ओळख खाली, दोन ओळींत.

दुसरी चूक आपल्या हिशेबात लिहिण्याची. 'डझनाला 5.88 किलो' हे आपल्याला लगेच कळतं. समोरचा मात्र चार पुरवठादारांचे दर जीएसएमवर लावून बघत असतो. 70 बाय 140 म्हणजे 0.98 चौरस मीटर, 500 जीएसएमला एक टॉवेल 490 ग्रॅमचा. ही आकडेमोड त्याच्यावर का टाकायची? जीएसएम, नगाचं वजन, डझनाचं वजन, तिन्ही लिहून टाका. रंगाचंही तसंच. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोतला मरून त्याच्या स्क्रीनवर भलताच दिसेल, म्हणून पँटोन क्रमांक, म्हणजे त्या छटेचा सगळीकडे चालणारा ठरलेला क्रमांक, द्या.

विषयाच्या जागी नुसतं 'एन्क्वायरी' किंवा 'टॉवेल्स' नको. मोबाइलवर विषयाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. 'कोटेशन: 70×140, 500 जीएसएम, 2,000 नग' असं लिहिलं, तर महिन्याभराने शोधतानाही तो मेल सापडतो.

सगळ्यात जास्त बिघडतात ते उशीर कळवणारे मेल. नमुना बघा:

'डाइंगला सूत उशिरा मिळालं, त्यात गड्ड्याची सुट्टी आली, कामगार गावाला गेले, तरी आम्ही प्रयत्न करत आहोत.'

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या माणसाला ते कळणार कसं? आणि त्याला हवी असलेली तारीख तर यात कुठेच नाही. तोच मजकूर असा लिहा:

'माल 20 जानेवारीऐवजी 29 जानेवारीला निघेल. पांढरे 1,200 नग तयार आहेत, ते ठरल्या दिवशी पाठवू का? रंगीत माल सूत उशिरा आल्याने थांबला आहे.'

आता त्याला जहाजाची जागा बदलता येते, त्याच्या गिऱ्हाइकाला सांगता येतं, आणि तुम्हाला हो किंवा नाही कळवता येतं. कारण एका वाक्यात पुरतं.

तरीही उत्तर नाही? आधी जोडलेली फाइल तपासा. जीमेलवर 25 एमबीच्या वर गेलं की फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि परवानगी दिली नसेल तर त्याला नुसतं बंद दार दिसतं. मग वेळ बघा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. आपला सकाळी दहाचा मेल तिथे पहाटे पोचतो आणि रात्रीच्या ढिगात दबतो. दुपारी दोननंतरची वेळ लावून ठेवा.

आठवण नव्या मेलने करू नका, जुन्याच मेलला उत्तर देऊन करा. 'काइंडली डू द नीडफुल'ने काहीच हलत नाही. 'शुक्रवारपर्यंत रंग कळवलात तर सोमवारी डाइंगला घेतो' एवढं लिहा.