एलडीएचएची रॅबिट पॉलिक्लोनल अँटीबॉडी वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन साइझने वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायच्या टेस्टला) लावताय? आधी कंट्रोलचं बघा

लॅक्टेट डिहायड्रोजनेज ए, म्हणजे आपला एलडीएचए हा एन्झाइम, येतो साधारण ३७ केडीएला (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन), आणि लोडिंग कंट्रोल म्हणून (सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखंच पडलंय ना, ते बघायला) सगळे डोळे झाकून लावतात तो जीएपीडीएचपण तिथेच, म्हणजे एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही बँड एकमेकांच्या डोक्यावर बसणार. त्यात जीएपीडीएच हापण ग्लायकोलिसिसचाच (ग्लुकोज फोडण्याचा) एन्झाइम, हायपॉक्सिया दिला, म्हणजे ऑक्सिजन कमी केला, की बऱ्याच सेल्समध्ये तोही वाढतो, मग कंट्रोल कसला डोंबलाचा! त्यापेक्षा ११७ केडीएचा विन्क्युलिन नाहीतर ५० च्या आसपासचा ट्युब्युलिन घ्या, आणि त्याची अँटीबॉडी माउसची घ्या, दोन्ही प्रायमरी (थेट प्रोटीनला धरणाऱ्या अँटीबॉडी) रॅबिटच्या असल्या तर अँटी-रॅबिट सेकंडरी (प्रायमरीला धरून बँड दाखवणारी) दोघींनाही धरते.

खरी गोची एलडीएचबीची, म्हणजे एलडीएचएच्या भावंड प्रोटीनची. ए आणि बीचा सिक्वेन्स जवळपास ७५ टक्के सारखा, साइझपण सेम, आणि पॉलिक्लोनल म्हणजे वेगवेगळ्या एपिटोपवर (प्रोटीनच्या छोट्या भागांवर) बसणाऱ्या अँटीबॉडींची भेळ, त्यामुळे काही बीला चिकटणारच. डेटाशीटवर इम्युनोजेन (सशाला काय टोचलं ते) बघा: अख्खं प्रोटीन टोचलं असेल तर जरा सावध, ए आणि बीमध्ये जिथे फरक आहे तिथला पेप्टाइड असेल तर बरं. एलडीएचएचा सायआरएनए (त्याचं जीन दाबणारा आरएनए) देऊन ७२ तासांनी लायसेट (सेल्स फोडून काढलेलं प्रोटीन) काढा, बँड अर्धवटच उतरला तर लगेच अँटीबॉडीला शिव्या नको, आधी क्यूपीसीआरवर (एमआरएनए मोजायच्या टेस्टवर) नॉकडाउन झालाय, म्हणजे जीन खरंच दबलंय, का ते बघा, तो नीट झाला असेल तर मग बीवर संशय घ्या. रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये वेगवेगळे बनवलेले) ए आणि बी शेजारशेजारच्या लेनमध्ये लावले तर सोक्षमोक्षच लागतो.

बाकी नेहमीचंच. १२ टक्के जेल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मेथॅनॉलमध्ये भिजवून, ५ टक्के स्किम मिल्कमध्ये तासभर ब्लॉकिंग, प्रायमरी रात्रभर ४ डिग्रीला. फक्त हीलासारख्या (कॅन्सरच्या) सेल्समध्ये एलडीएचए भरपूर असतो, सवयीने ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन ओतलंत तर बँड जळणार आणि त्याचं क्वांटिफिकेशन करून काही अर्थ नाही, म्हणून ५ ते १० पुरे, आणि प्रायमरीचं डायल्यूशन १:१००० पासून १:५००० पर्यंत स्वतः लावून बघा.

प्रायमरी परत वापरायची म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालता ते ठीक, पण नंतर टीबीएसटी बफरने नीट धुवा आणि सेकंडरीत चुकूनही घालू नका, एचआरपी (सेकंडरीला जोडलेला, सिग्नल देणारा एन्झाइम) बंद पडतं.

आणि अँटीबॉडीचा नवीन लॉट (बॅच) आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच लायसेटवर लावून घ्या, ससा बदलला की अँटीबॉडीपण बदलते, कॅटलॉग नंबर तोच असला तरी.