जुन्या कौलारू घराला नवी पन्हळ घेताना
कोकणात घर असेल तर आधी पन्हळ नाही, वासे बघा, टोकं कुजली असतील तर क्लॅम्प धरणारच नाही, आमच्याकडे पहिल्याच पावसात अख्खी पन्हळ खाली आली होती. समुद्र जवळ असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा नको, खाऱ्या हवेने लवकर गंजतो, पीव्हीसी बरी, पण उन्हात टिकणारी यूव्हीवालीच मागा आणि स्वस्त पातळ माल घेऊ नका, वरून एक नारळ पडला की संपलं. रुंदी 6 इंच तरी हवीच, क्लॅम्प दर 2 फुटांवर, उतार 10 फुटांना साधारण अर्धा इंच. लांब पडवीला दोन्ही टोकांना पाइप काढा. आणि हो, मे महिन्यात पाचोळा काढायचा!