द्राक्षाचं कलम भरायचे दिवस : पहिल्यांदाच चाकू हातात घेणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेली डॉगरिज किंवा ११० आर या जातींची खुंटरोपं आता बांबूला लागून वर चढली असतील. खुंट म्हणजे मुळं पुरवणारं खालचं रोप. त्यावर हव्या त्या द्राक्षाची काडी जोडणं म्हणजे कलम भरणं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड भागात कलमाचा हंगाम. हवेत दमटपणा आहे, ऊब आहे, खुंटात रस धावतोय. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री गार पडू लागल्या की फूट मंदावते, म्हणून कामाचं नियोजन आताच करा.

बहुतेक जण कलम भरायला टोळी बोलावतात. मोठ्या प्लॉटला तोच मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण एखादी ओळ तरी स्वतः भरा. एकदा हाताने केलं की टोळी कुठे घाई करतेय ते नजरेला लगेच कळतं. काप घ्यायला कोणीही दोन-चार दिवसांत शिकतं. कलम फसतं ते बहुतेकदा त्याआधीच, खुंट कोरडा असतो किंवा काडी कच्ची असते म्हणून.

खुंटाची काडी पेन्सिलीएवढी, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाड हवी. प्रत्येक रोपावर सरळ वाढलेल्या दोन काड्या राखा आणि दोन्हींवर कलम भरा. एक गेली तर दुसरी हाताशी राहते. बगलफुटी, म्हणजे काडीच्या बाजूने येणाऱ्या फुटी, दहा-पंधरा दिवस आधी काढून टाका आणि पाणी तोडू नका. भरायच्या दिवशी एका खुंटाला छाट देऊन बघा. कापावर रसाचा ओलावा दिसला तर काम सुरू करा. काप कोरडाच राहिला तर पाणी द्या आणि चार-पाच दिवस थांबा. टोळी दारात येऊन उभी असली तरी थांबा.

सायन काडी, म्हणजे खुंटावर बसवायची वरच्या जातीची काडी, निरोगी, भरपूर माल देणाऱ्या वेलीची घ्या. असे वेल मागच्या हंगामातच खूण करून ठेवलेले बरे. एप्रिल छाटणीनंतरच्या फुटीची काडी आता तपकिरी झालेली असते, डोळा फुगीर पण न फुटलेला असतो. हिरवट काडी घेऊ नका, डाऊनी (केवडा) किंवा करपा या बुरशीरोगांचे डाग असलेली तर नाहीच. काडी काढल्याबरोबर पानं देठाचा तुकडा ठेवून कापा, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला १ ग्रॅम) बुडवून निथळा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. बांधावर उन्हात पडलेली काडी पुन्हा हिशेबात धरू नका.

आता पाचर कलम. जमिनीपासून सव्वा फुटाच्या आसपास खुंट आडवा छाटा. यापेक्षा खाली नको. जोड मातीला टेकला की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि डॉगरिज लावल्याचा उपयोग संपतो. खुंटाला मधोमध ३-४ सेंटिमीटर उभी चीर द्या. दोन डोळ्यांच्या सायन काडीला तेवढ्याच लांबीची, दोन्ही बाजूंनी सपाट पाचर घ्या. चाकू एका ओढीत चालला पाहिजे. खरवडून खरवडून केलेल्या पाचरीत फटी राहतात. उलटी काडी बसवण्याची चूक नवख्यांकडून फार होते. डोळा नेहमी देठाच्या खुणेच्या वर असतो, तेवढं बघूनच पाचर घ्या. काडीचा सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या तशाच थराला भिडला पाहिजे. जाडी सारखी नसेल तर काडी मध्यावर न ठेवता एका कडेला सरकवा. एक बाजू नीट जुळली तरी जोड धरतो.

जोडावर कलमाची प्लॅस्टिक पट्टी खालून वर, ताणून गुंडाळा. असं केलं की पावसाचं पाणी पट्टीवरून निथळून जातं, जोडात शिरत नाही. काडीचा वरचा कापही पट्टीने झाका, डोळे मात्र मोकळे ठेवा. पाऊस चालू असताना कलम भरू नका. चाकू मधूनमधून निर्जंतुक करत राहा.

साधारण दोन आठवड्यांत डोळे फुटू लागतात. तोवर काडी हलवून बघायचा मोह आवरा. खुंटावर येणारी डॉगरिजची फूट दर तीन-चार दिवसांनी काढा, नाहीतर सगळा रस तीच खाते. कलमाची फूट वीतभर झाली की लगेच बांबूला सुतळीने सैल बांधा, वाऱ्याने जोडातून मोडते. कोवळ्या पानांवर डाऊनी चटकन येतो, फवारणीत खंड नको. जोड भरला आणि पट्टी रुतू लागली की तिला ब्लेडने उभी चीर द्या, सोलून ओढू नका.

दोन्ही कलमं गेलेल्या रोपावर खुंटाची एक जोमदार फूट वाढवा, ती पेन्सिलीएवढी जाड झाली की पुन्हा भरता येतं. खुंटच मेला तर त्याच्या जागी लावायला दहाएक खुंटरोपं पिशव्यांत वेगळी वाढवून ठेवा.