टोकियोत नवीन आलात? आधी एक्झिट विचारा

मला इथे येऊन चारच दिवस झाले होते. घराच्या कागदपत्रांसाठी एजंटाने सेकंड फ्लोअरवर बोलावलं होतं. मी दादरच्या सवयीने दोन जिने चढले आणि थेट एका दातांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. चपला काढा, अशी खूण झाली, मी काढल्या. हातात फॉर्म आला तेव्हा ट्यूब पेटली. जपानमध्ये ‘१एफ’ म्हणजे आपला तळमजला. दुसरा मजला म्हणजे एकच जिना.

शहरात अशा चिंचोळ्या, आठ-नऊ मजली इमारती पावलोपावली आहेत. खाली रामेनचं दुकान, वर डॉक्टर, त्याच्यावर कराओके. दुकान शोधताना काचांकडे बघत बसू नका, बाजूला उभी पाटी लटकलेली असते, ती खालून वर वाचा. काचेवर लाल उलटा त्रिकोण दिसला तर ती खिडकी अग्निशमन दलाला आत शिरण्यासाठी राखलेली आहे. ऑफिसात तिच्यापुढे कपाट सरकवू नका.

स्टेशनवर कोणाला भेटायचं असेल तर नुसतं स्टेशनचं नाव घेऊन निघू नका, एक्झिट विचारा. ओतेमाचीसारख्या ठिकाणी पाच लाइन एकत्र येतात आणि चुकीच्या जिन्याने वर आलात तर दहा मिनिटांची रपेट ठरलेली. पिवळी पाटी म्हणजे बाहेरची वाट. प्लॅटफॉर्मच्या खांबावर एक तक्ता असतो, कुठल्या डब्यासमोर जिना आणि कुठे लिफ्ट ते त्यात दाखवलेलं असतं. बाबागाडी असेल तर आधी तो बघा.

आपली बरीच मंडळी टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला घर घेतात, मीही तिथलीच. तिथे जाणारी तोझाई लाइन म्हणायला भुयारी, पण मिनामी-सुनामाची सोडलं की गाडी जमिनीबाहेर येते, पुलावरून अराकावा नदी ओलांडते आणि आमच्या स्टेशनात थेट डोक्यावरून शिरते. खाली रुळांच्या पोटात दुकानं.

पाहुणे आले की मी त्यांना टोकियो स्टेशनला नेते. त्याला दोन तोंडं आहेत: मारुनोउची आणि याएसु. याएसुकडे काच आणि पांढरं छत, मारुनोउचीकडे लाल विटांची जुनी इमारत. तात्सुनो किंगो या वास्तुविशारदाची ही इमारत १९१४ साली उघडली. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात घुमट आणि तिसरा मजला जळाला. युद्धानंतर घाईघाईत दोनच मजल्यांवर तात्पुरतं छप्पर घातलं, आणि ते ‘तात्पुरतं’ साठ वर्षांहून अधिक टिकलं. मूळ रूप परत आलं ते २०१२ साली. पैसे कुठून आले, तर स्टेशनवर उंच बांधायचा जो हक्क वापरायचाच नव्हता तो रेल्वेने शेजारच्या टॉवरवाल्यांना विकला. आपल्याकडच्या भाषेत टीडीआर! आजूबाजूच्या काही गगनचुंबी इमारतींचे वरचे मजले या बुटक्या स्टेशनच्या जिवावर उभे आहेत. मुंबईकराला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग मान वर करून मजले मोजतो.

मान वर केलीच आहे तर घुमटाखालीही जा. आठ कोपऱ्यांत राशिचक्रातले प्राणी आहेत. जपानी राशी बारा, इथे आठच. उंदीर, ससा, घोडा आणि कोंबडा हे उरलेले चार सापडले थेट सागा प्रांतात, ताकेओ ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या दरवाजावर. तो दरवाजाही तात्सुनोंचाच.

आता घराचं. भाडं आणि स्टेशनपासूनचं अंतर सगळेच विचारतात, तुम्ही बांधकाम परवानगीची तारीख विचारा. १ जून १९८१ नंतरची हवी. त्या दिवसापासून भूकंपाचे नवे, कडक नियम लागू झाले. इमारत १९८२ला पूर्ण झाली असेल तर परवाना जुन्या नियमांतला असू शकतो, म्हणून पूर्णत्वाच्या तारखेवर विसंबू नका. हमीदार मिळत नसेल तर ‘यूआर’ या सरकारी गृहसंस्थेची घरं बघा, तिथे जामीन लागत नाही आणि मालकाला द्यायचं, परत न मिळणारं ‘रेइकिन’ही नाही.

एदोगावाचा मोठा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्ड ऑफिसातून पुराचा नकाशा घ्या आणि जमलं तर वरच्या मजल्यावर राहा. वर हलणं जास्त जाणवतं, ही त्याची किंमत. धक्का बसला की नव्या लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडतात. जोराचा असेल तर माणूस येऊन तपासेपर्यंत बंदच. मी एकदा अकराव्यापर्यंत जिन्याने गेले आहे, हातात पाच किलो तांदूळ घेऊन.