कोकणातला स्वस्त बसप्रवास : हिशेब गावाच्या थांब्यापासून मांडावा

मुंबईहून किंवा पुण्याहून कोकणात कमी पैशांत कसे जावे, हा प्रश्न बहुतेक जण तिकिटाच्या आकड्यापासून सोडवायला घेतात आणि तिथेच चुकतात. कोकणातली बरीचशी गावे मुंबई-गोवा महामार्गावर नाहीत. ती खाड्यांच्या काठाने, डोंगरांच्या आड, महामार्गापासून दहा-वीस, कुठे कुठे चाळीस किलोमीटर आत आहेत. पनवेल ते गोव्याच्या सीमेवरचे बांदा हा लांबचा पल्ला कोणत्याही गाडीने बऱ्यापैकी स्वस्तात पार पडतो. पैसा आणि जीव दोन्ही खर्ची पडतात ते नाक्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. म्हणून प्रवासाची आखणी उलटीकडून करावी. गावच्या थांब्यावर दिवसभरात कोणत्या गाड्या येतात ते आधी विचारावे, त्या गाड्या सुटतात त्या आगारात किती वाजता पोहोचायला हवे ते मग ठरवावे आणि मुंबईच्या गाडीचे तिकीट सर्वांत शेवटी काढावे.

मी हे नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला घेऊन मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला जायचे होते. एका खासगी गाडीचे तिकीट एसटीपेक्षा माणशी दीडशे रुपयांनी कमी मिळाले, म्हणून मी ते घेतले. तिकिटावर ‘कणकवली’ एवढेच छापले होते. गाडी पहाटे साडेतीन वाजता पोहोचली आणि क्लीनरने आम्हाला उड्डाणपुलाच्या तोंडाशी, वस्तीच्या बाहेर उतरवले, कारण गाडीला पुलावरून थेट पुढे जायचे होते. तिथे दिवा नव्हता, रिक्षा नव्हती आणि आईच्या गुडघ्यांना सामान घेऊन चालणे जमणारे नव्हते. उजाडेपर्यंत आम्ही पिशव्यांवर बसून राहिलो. शेवटी रिक्षा मिळाली, पण वाचवलेल्या तीनशे रुपयांच्या दुपटीहून अधिक पैसे तिला द्यावे लागले. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

तेव्हापासून तिकीट काढताना मी सर्वांत आधी उतरण्याची नेमकी जागा विचारतो. ‘रत्नागिरी’ म्हणजे शहरातले बस स्थानक की महामार्गावरचा हातखंबा तिठा, ‘चिपळूण’ म्हणजे मध्यवर्ती स्थानक की बहादूरशेख नाका, ‘खेड’ म्हणजे गाव की भरणे नाका, ‘मालवण’ म्हणजे मालवण की कसालचा फाटा, ‘देवगड’ म्हणजे देवगड की नांदगाव तिठा, हे स्पष्ट करून घ्यावे. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या आपला वेळ वाचवण्यासाठी महामार्ग सोडत नाहीत, आणि त्यांच्या तिकिटावर शहराचे नाव असले तरी प्रवासी उतरतो तो नाक्यावर. एजंटाने तोंडी दिलेले उत्तर पुरेसे मानू नये. उतरण्याच्या ठिकाणाचे नाव तिकिटावर किंवा निदान मोबाइलवरच्या संदेशात लिहून घ्यावे. नाक्यावर उतरणे अटळच असेल, तर गाडी उजाडल्यानंतर तिथे पोहोचेल अशी सुटण्याची वेळ निवडावी. रात्री दहाची गाडी सातच्या गाडीपेक्षा पन्नास रुपयांनी महाग असली, तरी दापोलीला किंवा वेंगुर्ल्याला जाणाऱ्यासाठी पुष्कळदा तीच स्वस्त ठरते.

रेल्वे आहे, मग बसचा एवढा खटाटोप कशाला, असे शहरातले मित्र विचारतात. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याने फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या किनाऱ्याकडच्या गावांना रेल्वे स्थानक नाही, आणि राजापूरचे स्थानक गावापासून बरेच दूर आहे. रेल्वेने गेले तरी शेवटच्या टप्प्याला एसटी लागतेच, आणि रात्री-अपरात्री पोहोचणाऱ्या रेल्वेला जोडून एसटी असेलच असे नाही.

आता एसटीविषयी, कारण कोकणातल्या स्वस्त प्रवासाचा कणा तीच आहे. साधी लाल गाडी सर्वांत स्वस्त, तिच्यावर निमआराम आणि त्याहून वर वातानुकूलित शिवशाही, अशी भाड्याची चढण आहे. एका दिवसाच्या आत संपणाऱ्या प्रवासाला, विशेषतः चिपळूण ते गुहागर किंवा कुडाळ ते वेंगुर्ला अशा टप्प्याला, साधी गाडी उत्तम. मुंबई ते सावंतवाडीसारख्या रात्रभराच्या पल्ल्याला मात्र, पाठीचे दुखणे असेल तर, निमआराम किंवा शयन-आसनी गाडी घ्यावी. तिथे वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी अंगदुखीच्या रूपाने वसूल होतात.

सवलतींचा लाभ अनेक जण माहीत नसल्यामुळे घेत नाहीत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला निम्मे भाडे पडते. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, त्यामुळे पणजीला जाणाऱ्या गाडीत बांद्याच्या पुढचे भाडे पूर्ण भरावे लागते. वयाच्या सवलतीसाठी मूळ ओळखपत्र जवळ हवे, आणि ते बॅगेच्या तळाशी न ठेवता वाहकाला चटकन दाखवता येईल असे ठेवावे. पती-पत्नी आणि वृद्ध आई असे तिघे निघाले, तर खासगी गाडीचे तिकीट दिसायला कितीही कमी असले तरी एसटीपुढे ते बहुधा टिकत नाही. माझ्या त्या मे महिन्यातल्या हिशेबात आज ही सवलत धरली असती, तर खासगी गाडीचा विचारही मनात आला नसता.

वस्तीची गाडी ही सोय शहरात वाढलेल्यांना ठाऊक नसते. संध्याकाळी आगारातून निघून एखाद्या आडगावी मुक्काम करणारी आणि पहाटे तिथूनच परत निघणारी ही गाडी अनेक वाड्यांची एकमेव खात्रीची वाहतूक असते. तिची वेळ संकेतस्थळावर शोधण्यापेक्षा आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला किंवा गावातल्या दुकानदाराला विचारावी. शाळांना सुट्टी लागली की शाळेच्या वेळेनुसार सुटणाऱ्या काही फेऱ्या बंद होतात, हेही त्यांच्याकडूनच कळते. फलाटावर गाडी लागली की पाटी वाचून थांबू नये, वाहकाला थेट विचारावे: ‘ही गाडी आचऱ्याक जातली मा?’ एकाच गावाला दोन वाटांनी जाणाऱ्या गाड्या असतात आणि पाटीवरचे ‘मार्गे’ हे लहान अक्षर घाईत नजरेतून सुटते.

खासगी गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. गर्दीच्या दिवसांत ती उपयोगी पडते आणि काही चालक अतिशय जबाबदारीने गाडी चालवतात. तथापि भाड्याबाबत सावध राहावे. राज्य सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवून दिले आहे की खासगी कंत्राटी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारता येत नाही. गणपतीच्या आधल्या आठवड्यात ही मर्यादा सर्रास ओलांडली जाते आणि घरी पोहोचण्याच्या ओढीने आपण निमूटपणे पैसे देतो. तिकीट, पैसे भरल्याची नोंद आणि गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवले, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते, आणि ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही करता येते. एसटीविषयीची तक्रार आगारप्रमुखांकडे लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

शयनयान गाडीत चढल्यावर पहिले काम म्हणजे संकटकालीन दार कुठे आहे आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, ते पाहणे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवाशांचा मृत्यू झाला. तेव्हापासून मी हे पाहिल्याशिवाय पडदा ओढून झोपत नाही. दारासमोर सामान रचलेले असेल तर ते हलवायला सांगावे, आणि सांगताना संकोच करू नये.

गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी घाटाची तयारी घरूनच करावी. कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाट, कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली, बेळगावकडून सावंतवाडीला येताना आंबोली आणि पुण्याहून माणगावला उतरताना ताम्हिणी लागतो. अशा वेळी मागच्या चाकाच्या पुढची, मधली जागा मागून घ्यावी, कारण शेवटच्या रांगेत प्रत्येक वळण दुप्पट जाणवते. भरल्या पोटी बसू नये आणि पूर्ण उपाशीही राहू नये. सुका खाऊ, आवळा सुपारी किंवा आलेपाक आणि हाताशी दोन पिशव्या एवढे पुरते. मोबाइलमध्ये डोके घालून बसणे सर्वांत वाईट.

पावसाळ्यात आखणी वेगळी करावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा तिथले एसटी आगारही पाण्याखाली गेले. सावित्रीत वाहून गेलेल्या त्या गाड्यांतले लोक आपल्यासारखेच तिकीट काढून घरी निघालेले होते, हे मला विसरता येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीचा लाल इशारा असेल, तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, पण प्रवास पुढे ढकलावा. निघालाच असाल, तर रात्रीऐवजी दिवसाची गाडी घ्यावी, दरड कोसळून रस्ता बंद झाल्यास कोणत्या गावी थांबता येईल ते आधी ठरवावे, आणि एक वेळचे जेवण, औषधे, पाणी व थोडे रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण मोबाइलचे जाळे गेले की मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही जाते.

गणपतीचा प्रवास मात्र सर्वस्वी निराळा. एसटीचे आरक्षण साधारण दोन महिने आधी उघडते आणि चाकरमानी त्या दिवशी सकाळीच मोबाइल हातात घेऊन बसतात. एकट्याने धडपड करण्यापेक्षा वाडीतल्या मंडळींनी एकत्र येऊन गट आरक्षण करावे. एक पूर्ण गाडी भरेल एवढी माणसे जमली, तर ती गाडी मुंबईत आपल्या वस्तीजवळून सुटते आणि थेट गावापर्यंत जाते, म्हणजे नाक्यावरच्या रिक्षाचा खर्चच उरत नाही. माझ्या माहितीतला यापेक्षा स्वस्त आणि सुखाचा दुसरा मार्ग नाही. यासाठी एकाने पुढाकार घेऊन नावे, वये आणि सवलतीची कागदपत्रे जुलैच्या आधीच गोळा करून ठेवावी लागतात.

परतीचे तिकीट जातानाच काढावे. गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की पुढचे दोन-तीन दिवस महामार्गावरच्या थांब्यावर उभे राहून चढायला मिळेल, ही आशा सोडावी. गाड्या सुटतानाच भरतात. आरक्षण नसेल, तर गाडी जिथून सुटते त्या आगारातच जावे. तिथेही जागा नसेल, तर टप्प्याटप्प्याने यावे: मालवणहून कणकवली, तिथून रत्नागिरी किंवा चिपळूण, पुढे महाड आणि पनवेल. असा प्रवास दिवसभराचा होतो. चिपळूणला दुपारी एकच्या आत पोहोचता आले पाहिजे, आणि त्यासाठी गावातून पहाटेची वस्तीची गाडीच पकडावी लागते.