कोर्ट कार्ड आलं की "हा कोण?" हे आधी विचारू नका

टॅरोच्या, म्हणजे प्रश्नांची उत्तरं शोधायला मांडतात त्या पत्त्यांच्या, 78 कार्डांत कोर्ट कार्ड्स (पेज, नाइट, क्वीन, किंग अशी दरबारी माणसं) फक्त 16, पण शिकणारे सगळ्यात जास्त तिथेच अडकतात, कारण किंग पडला रे पडला की हा नवरा की बॉस की सासरा याचा शोध सुरू होतो आणि रीडिंग, म्हणजे कार्डांचा अर्थ लावणं, तिथेच थांबतं. आधी बघा कार्ड वागतंय कसं.

सूटवरून, म्हणजे कार्ड चार गटांपैकी कोणत्या गटातलं यावरून, विषय कळतो. वाँड्स म्हणजे आग, काहीतरी करून दाखवायची खुमखुमी. कप्स म्हणजे भावना, स्वोर्ड्स म्हणजे विचार आणि बोलणं, पेंटॅकल्स म्हणजे पैसा, काम, शरीर. पदावरून कळतं माणूस त्यात कुठवर पोचलाय: पेज नवशिका, नाइट त्यामागे निघालेला, क्वीनच्या अंगात ते मुरलेलं असतं, किंग ते जबाबदारीने चालवतो. (थोथ नावाच्या डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या संचात, पदं वेगळी असतात, नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस, तेव्हा डेक बघून ठरवा.)

आता 1909 च्या रायडर-वेट डेकमधले चार नाइट शेजारी शेजारी मांडा आणि फक्त घोडे बघा. त्याची चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथने सगळं घोड्यांतच सांगून ठेवलंय, मला तर अजूनही बघत बसावंसं वाटतं! स्वोर्ड्सचा घोडा चौखूर उधळलाय, वाँड्सचा पुढचे पाय उचलून उसळतोय, कप्सचा संथ पावलं टाकतोय, आणि पेंटॅकल्सचा चक्क उभा आहे. म्हणजे "नोकरी सोडू का" असं विचारलं आणि मांडणीतल्या सल्ल्याच्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स आला तर मी लगेच नाही म्हणत नाही, मी सांगते की राजीनामा आज नको, आधी हिशोब मांडा, हातातलं काम पुरं करा, मग हला.

मग येतो "कोण". ते स्प्रेडमधली, म्हणजे कार्डांच्या मांडणीतली, जागा ठरवते. "तुम्ही" या जागी आलं तर विचारणाराच, सल्ल्याच्या जागी आलं तर कसं वागायचं ते, अडथळ्याच्या जागी आलं तर समोरचा माणूस असेल किंवा आपलाच स्वभाव, तिथे सरळ विचारून घ्या. बाई-पुरुष यात अडकू नका, क्वीन पुरुषासाठीही येते.

दोन कोर्ट कार्ड्स शेजारी आली तर नजरा बघाच. क्वीन ऑफ स्वोर्ड्स उजवीकडे बघते, नाइट ऑफ वाँड्स डावीकडे. ती डाव्या बाजूला आणि तो उजव्या बाजूला पडला तर दोघं समोरासमोर, म्हणजे बोलणं होऊ शकतं, आणि जागा उलट झाल्या तर पाठीला पाठ, तेव्हा नात्याच्या प्रश्नात मी आधी हेच विचारते की तुमचं शेवटचं नीट बोलणं कधी झालं होतं.